रेडिओचा पुठ्ठा

आमच्या भिवंडीच्या घरात एक जुना रेडिओ आहे. लाकडी पेटी, पुढच्या बाजूला जाड कापडाचा पडदा, खाली चार बटणे आणि काचेच्या पट्टीवर गावांची नावे: मुंबई, दिल्ली, कलकत्ता, सिलोन. माझ्या आजोबांनी हा रेडिओ १९६१ साली मुंबईहून आणला. आजोबांना आम्ही बडे अब्बा म्हणत असू. ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालू करायचा, हे त्यांचे काम.

त्या काळी घरात रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागत असे. त्यासाठी दरवर्षी टपाल कचेरीत जाऊन पैसे भरावे लागत. बडे अब्बा ते न चुकता भरत. संध्याकाळी कारखान्यातून आले, हातपाय धुतले, की ते रेडिओची कळ फिरवत. रेडिओ मात्र लगेच बोलत नसे. आधी काचेच्या पट्टीमागचा दिवा लागे. मग पेटीच्या आत केशरी उजेड दिसू लागे आणि अर्ध्याएक मिनिटाने आवाज येई. आम्ही मुले उतावीळ होत असू. बडे अब्बा म्हणत, "थांबा, तो जागा होतोय."

बडे अब्बांचे शिक्षण उर्दूतून चौथीपर्यंत झाले होते. मराठी ते रेडिओवरूनच शिकले. आकाशवाणीच्या मराठी बातम्या ते रोज ऐकत. एखादा शब्द अडला, तर दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या सोबत्याला त्याचा अर्थ विचारत. 'अतिवृष्टी', 'मंत्रिमंडळ', 'ठराव' असे कितीतरी शब्द त्यांनी एका वहीत उर्दू लिपीत लिहून ठेवले होते. ती वही रेडिओच्या डोक्यावरच असे.

आता मी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

१९८३ साली मी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसलो होतो. वर्गातल्या बहुतेक मुलांकडे पेपर लिहायला पॅड होते. माझ्याकडे नव्हते. अब्बांकडे पैसे मागायचा धीर झाला नाही. तेव्हा माझी नजर रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर गेली. तो चांगला जाड आणि गुळगुळीत होता. रेडिओची पाठ भिंतीकडे असे. त्यामुळे तिकडे कोणाचेच लक्ष जात नसे. एका दुपारी घरात सामसूम असताना मी चार स्क्रू काढले, पुठ्ठा ओढून घेतला, त्याचा भोके नसलेला भाग कापला आणि त्याला चिमटा लावला. झाले माझे पॅड तयार! त्याच्या एका बाजूला काही वर्तुळे छापलेली होती. प्रत्येक वर्तुळात इंग्रजी अक्षरे आणि आकडे होते. मला त्यांचा अर्थ कळला नाही. मी तो जाणून घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

तीन वर्षांनी, १९८६ च्या उन्हाळ्यात, रेडिओ बंद पडला. बडे अब्बांनी एका कारागिराला घरी बोलावले. त्याने रेडिओ वळवून पाहिला आणि विचारले, "याचा मागचा पुठ्ठा कुठे आहे? कोणता व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, ते त्यावर छापलेले असते."

बडे अब्बा म्हणाले, "कुठेतरी पडला असेल."

मी तिथेच उभा होतो. दप्तर माझ्या खांद्यावर होते आणि पॅड त्या दप्तरात होते. तोंडातून शब्द फुटला नाही. कारागीर एक व्हॉल्व्ह काढून घेऊन गेला. मुंबईहून तसाच दुसरा आणतो, असे त्याने सांगितले. पुढे त्याचे दुकानच बंद झाले आणि तो व्हॉल्व्ह काही परत आला नाही. त्याच पावसाळ्यात माझे दप्तर भिजले. पॅडचा पुठ्ठा फुगला, त्याचे पापुद्रे सुटले. मी तो गुपचूप टाकून दिला.

घरात लहान ट्रान्झिस्टर आला. जुना रेडिओ भंगारात द्यावा, असे सगळ्यांचे मत पडले. बडे अब्बा मात्र ऐकेनात. त्यांनी रेडिओवर एक चादर घातली आणि तो कोपऱ्यात ठेवून दिला.

दहा वर्षे गेली. मी आय. टी. आय. मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि कल्याणला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करू लागलो. बडे अब्बांची नजर आता अधू झाली होती. वर्तमानपत्र वाचणे जमत नव्हते. १९९६ च्या एका रविवारी त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाले, "बेटा, तू लोकांचे टीव्ही दुरुस्त करतोस. आपला रेडिओ एकदा उघडून बघशील का?"

नाही म्हणायला मला तोंड नव्हते.

मी चादर काढली. पाठ उघडी राहिल्यामुळे आत धुळीचा थर साचला होता. उंदरांनी लाऊडस्पीकरचा कागद कुरतडला होता. डायलची दोरी तुटली होती. आत व्हॉल्व्ह बसवण्याच्या पाच जागा होत्या. त्यांपैकी एक रिकामी होती. पण खरी अडचण वेगळीच होती. या रेडिओवर कंपनीचे नाव नव्हते. नावाची पट्टी केव्हाच गळून पडली होती. बडे अब्बांना एवढेच आठवत होते, की ग्रँट रोडजवळच्या एका लहान कारखान्यात तो जोडलेला होता. तो कारखानाही उरला नव्हता. परवान्याची जुनी पुस्तिका शोधून काढली. तिच्यात दरवर्षीची तिकिटे चिकटवलेली होती. पण रेडिओच्या पोटात काय आहे, याचा एक शब्दही नव्हता.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ती काचेची बंद नळी असते. तिच्यातील हवा काढून टाकलेली असते. आतली तार तापली, की धातूच्या एका भागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि दुसऱ्या भागाकडे धावतात. मधल्या जाळीच्या साहाय्याने त्यांचा प्रवाह कमी-जास्त करता येतो. अशा रीतीने अगदी क्षीण विद्युत्-संदेश मोठा होतो. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू त्याने व्हॉल्व्हची जागा घेतली. मी शिकलो तेव्हा अभ्यासक्रमात ट्रान्झिस्टर होते, व्हॉल्व्ह नव्हते. म्हणजे मी रेडिओ उघडला खरा, पण मला तो वाचता येत नव्हता.

आणि इथे मी दुसरी चूक केली. व्हॉल्व्हवर धूळ होती, म्हणून एक व्हॉल्व्ह ओल्या फडक्याने खसाखसा पुसला. धूळ निघाली आणि तिच्याबरोबर काचेवर छापलेला क्रमांकही निघून गेला! तेव्हा मला पुठ्ठा आठवला. पहिल्यांदा मी रेडिओची माहिती कापून टाकली होती, या वेळी पुसून टाकली.

आमच्या दुकानाच्या मालकांनी मला कल्याणमधल्या एका वृद्ध कारागिराकडे पाठवले. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी तरुणपणी शेकडो व्हॉल्व्ह-रेडिओ दुरुस्त केले होते. मी त्यांच्यासमोर चारही व्हॉल्व्ह ठेवले आणि म्हणालो, "काका, या रेडिओला नावच नाही. याची माहिती कुठे मिळेल?"

काका हसले. "अरे, पेटीवर नाव नसेल. पण आतला प्रत्येक व्हॉल्व्ह आपले नाव सांगतो. तू वाचायला शीक."

त्यांनी एक व्हॉल्व्ह उचलला. त्यावर 'ईसीएच ८१' असे होते. काका म्हणाले, "ही युरोपातल्या कंपन्यांची पद्धत. पहिले अक्षर ई. म्हणजे याची तार ६.३ व्होल्टवर तापते. सी म्हणजे आत एक ट्रायोड आहे. एच म्हणजे अनेक जाळ्यांचा दुसरा भाग आहे. आठचा आकडा सांगतो, की याला नऊ पाय आहेत. रेडिओत हा व्हॉल्व्ह केंद्राकडून आलेल्या लहरींची वारंवारता बदलतो." दुसरा होता 'ईझेड ८०'. झेड म्हणजे येणाऱ्या उलटसुलट विजेला एकाच दिशेने वाहायला लावणारा. तिसरा 'ईएम ८०'. एम म्हणजे हिरवा डोळा. केंद्र नीट लागले की त्यातला हिरवा पंखा पसरतो.

पुसलेला व्हॉल्व्ह मी शरमेनेच पुढे केला. काकांनी तो तोंडाजवळ नेला आणि चष्मा पुसताना काचेवर सोडतात तसा त्यावर उबदार श्वास सोडला. काचेवर वाफ जमली. त्या वाफेत क्षणभर पुसट अक्षरे उमटली: ईबीएफ ८९. मी थक्क झालो. काका म्हणाले, "छपाई गेली तरी काचेवर तिची खूण राहते. पण प्रत्येक वेळी नशीब साथ देईलच असे नाही. पुन्हा व्हॉल्व्ह पुसताना अक्षरांना हात लावू नकोस."

राहिली रिकामी जागा. तिथे कोणता व्हॉल्व्ह होता? काका म्हणाले, "आवाज मोठा करून लाऊडस्पीकरकडे पाठवणारा व्हॉल्व्ह तुझ्याकडे नाही. म्हणजे तोच गेला आहे. तो ईएल ८४ असेल किंवा ईसीएल ८२. दोघांना नऊ पाय. पण पायांची कामे वेगळी. चुकीचा बसवलास तर नुकसान होईल. आधी पुस्तक शोध. माझे पुस्तक कोणीतरी वाचायला नेले, ते परत आलेच नाही."

मग मी दर रविवारी बाहेर पडू लागलो. भिवंडीहून एस. टी. ने ठाणे, ठाण्याहून लोकलने दादर आणि तिथे गाडी बदलून पुढे. मुंबईच्या फोर्ट भागात फाउंटनजवळ पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग लागत. दोन रविवार रिकाम्या हाताने परतलो. तिसऱ्या रविवारी व्हॉल्व्हच्या माहितीचे एक फाटके पुस्तक मिळाले. त्याला मुखपृष्ठ नव्हते, पण मला हवी ती पाने शाबूत होती. गाडीतच मी ती उघडली. ईएल ८४ मध्ये लाऊडस्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरची तार सातव्या पायाला जोडतात. ईसीएल ८२ मध्ये सहाव्या पायाला.

घरी आलो तो थेट रेडिओ उलटा केला. रिकाम्या जागेचे पाय खालच्या बाजूने मोजले. मोकळ्या फटीपासून सुरुवात करून एक, दोन, तीन... ट्रान्सफॉर्मरची तार सहाव्या पायाला होती. हरवलेल्या व्हॉल्व्हचे नाव सापडले होते! तो ईसीएल ८२ होता. मी इतक्या जोरात ओरडलो, की अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली.

नाव मिळाले, आता वस्तू मिळवायची होती. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तिथे नवे कपॅसिटर आणि रोध सहज मिळाले. व्हॉल्व्हचे नाव काढताच मात्र दुकानदार मान हलवत. एकाने सांगितले, "चोरबाजारात बघा. शुक्रवारी सकाळी लवकर जा."

एका शुक्रवारी सुट्टी काढून मी गेलो. रस्त्यावर चादरी पसरून जुने सामान मांडलेले होते. एका चादरीवर एक मोडका जपानी टेपरेकॉर्डर पडला होता. त्याच्या आत एक काचेचा व्हॉल्व्ह दिसला. त्यावर '६बीएम८' असे छापलेले होते. दुसरा कोणी असता तर पुढे गेला असता. पण पुस्तकाच्या शेवटच्या कोष्टकात मी वाचले होते, की युरोपात ज्याला ईसीएल ८२ म्हणतात, त्यालाच अमेरिकी पद्धतीत ६बीएम८ म्हणतात. आपल्याकडे नाही का, मुलाचे घरी एक नाव असते आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे? तसेच हे. चाळीस रुपये देऊन तो टेपरेकॉर्डर मी छातीशी धरून घरी आणला.

दुरुस्तीला आणखी चार रविवार लागले. काकांनी मला आधीच दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली अशी, की जुना रेडिओ एकदम विजेला जोडायचा नाही. त्यातले मेणाचे आणि कागदाचे कपॅसिटर वर्षांनुवर्षे पडून खराब झालेले असतात. त्यांतून वीज झिरपते आणि चांगले व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर जळून जातात. म्हणून आधी ते बदलायचे. दुसरी गोष्ट जिवाची. व्हॉल्व्ह-रेडिओत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो रेडिओ बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो. "काम करताना एक हात खिशात ठेवत जा," असे काका म्हणत. दोन्ही हात आत असले, तर धक्का छातीतून जातो. मित्रांनो, म्हणूनच असे काम जाणकार माणूस जवळ असल्याशिवाय कधीही करू नका.

मी एकेक तार बोटाने अनुसरत गेलो आणि वहीत तिची जागा मांडत गेलो. ज्या रेडिओचा नकाशा कुठेच मिळत नव्हता, त्याचा नकाशा असा रेषेरेषेने तयार झाला. कपॅसिटर बदलले. किंमत बदललेले रोध बदलले. लाऊडस्पीकरच्या फाटक्या कागदाला पातळ कागदाची ठिगळे लावली. डायलच्या दोरीचा प्रश्न बडे अब्बांनीच सोडवला. मागावर वापरतात ती बारीक, चिवट दोरी त्यांनी पेटीतून काढून दिली. नजर अधू होती, पण बोटांना अजून गाठ मारता येत होती. चाकांवरून ती दोरी त्यांनी स्वतः ओवली.

शेवटी तो दिवस आला. काकांनाही मी बोलावले होते. त्यांच्या सांगण्यावरून रेडिओच्या तारेत साठ वॅटचा एक बल्ब जोडला होता. आत कुठे दोष असेल, तर बल्ब प्रखर पेटलेला राहील आणि रेडिओ वाचेल. मी कळ फिरवली. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. "छान!" काका म्हणाले. मग बल्ब काढून रेडिओ थेट जोडला. पेटीत केशरी उजेड दिसू लागला.

"थांबा," बडे अब्बा हळूच म्हणाले, "तो जागा होतोय."

आधी घरघर ऐकू आली. मी बटण फिरवले. हिरवा डोळा इतका मंद झाला होता, की तो खोलीच्या अंधारातच दिसत होता. पण त्याचा पंखा पसरला आणि एक बाई स्वच्छ मराठीत बातम्या सांगू लागल्या. बडे अब्बा डोळे मिटून ऐकत राहिले. बातम्या संपेपर्यंत कोणीच बोलले नाही.

काका गेल्यावर मी बडे अब्बांजवळ बसलो. तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आज सांगायचीच, असे मी ठरवले होते. म्हणालो, "बडे अब्बा, रेडिओचा मागचा पुठ्ठा पडला नव्हता. मी तो पॅडसाठी कापला होता. कारागीर आला त्या दिवशीही तो माझ्या दप्तरात होता."

मला वाटले, ते रागावतील, नाहीतर हसून माफ करतील. त्यांनी दोन्हीही केले नाही. त्यांनी विचारले, "त्या दिवशी त्यावरची अक्षरे दिसत होती का?"

"हो. पावसात भिजेपर्यंत सगळी दिसत होती."

"मग तेव्हाच बोलायचे होतेस, बेटा," ते म्हणाले. "पुठ्ठा कापलास ते लहान होतास म्हणून. पण त्या दिवशी बोलला असतास, तर अक्षरे उतरवून घेतली असती. रेडिओ दहा वर्षे मुका राहिला नसता."

मी मान खाली घातली. त्यांनी पुढे एक शब्दही बोलून दाखवला नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता नवा पुठ्ठा बसव. आणि त्यावर सगळे लिही."

दुसऱ्या दिवशी मी हार्डबोर्डचा तुकडा आणला. हवा खेळावी म्हणून त्याला भोके पाडली. त्याच्या आतल्या बाजूला पाच वर्तुळे काढून प्रत्येकात व्हॉल्व्हचे नाव लिहिले. ईसीएल ८२ च्या खाली त्याचे दुसरे नावही लिहिले. शेजारी वहीतला नकाशा स्वच्छ उतरवून चिकटवला. बडे अब्बा म्हणाले, "मराठीत लिही आणि उर्दूतही लिही. पुढे कोणाच्या हाती पडेल, काय सांगावे?"

बडे अब्बा २००३ साली गेले. रेडिओ अजून माझ्या घरी आहे. आजवर तो आणखी दोनदा बिघडला. दोन्ही वेळा पुठ्ठा काढून मी दोष शोधला आणि काय बदलले, ते तारखेसह त्याच पुठ्ठ्यावर लिहिले. गेल्या वर्षी माझ्या मुलाने तो पुठ्ठा पाहिला. बराच वेळ वाचून त्याने विचारले, "अब्बा, सगळ्यात खाली एक ओळ मोकळी का सोडली आहे?"

मी म्हणालो, "ती तुझ्यासाठी."